चष्मा काढण्यापूर्वी

(रत्नागिरी आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दृष्टी सुधारण्यासाठी डोळ्यांवर ज्या शस्त्रक्रिया करतात, त्यांविषयी आज बोलायचं आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका सकाळी माझ्या दवाखान्यात आलेल्या आजी आणि त्यांच्या नातवापासून सुरुवात करतो. दोघांची परवानगी घेतलेली आहे, नावं मात्र सांगत नाही. गाव जयगडच्या बाजूचं, एवढंच.

नातू एकोणीस वर्षांचा, आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करणारा. डोळ्यांवर साडेपाच नंबरचा चष्मा, शिवाय दोनचा आडवा नंबर, ज्याला आपण सिलिंडर म्हणतो. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "सर, लेझर करून नंबर काढायचाय. यंदा आंब्याचे पैसे आले की बाबा देणार आहेत." आजी बाजारात काम होतं म्हणून सोबत आलेल्या. त्या भिंतीकडेच्या बाकावर बसल्या होत्या आणि त्यांच्या उजव्या डोळ्यातला पांढरा मोती मला टेबलापलीकडूनही दिसत होता. विचारलं, "आजी, तुम्ही कधी डोळे दाखवलेत का?" त्या म्हणाल्या, "माझं काय घेऊन बसलात! अजून पिकला नाय. पिकला की बघू. तो पण थंडीत."

एकाला घाई, दुसरीची चालढकल. आमच्या ओपीडीत हे रोजचंच चित्र आहे.

आधी नंबर म्हणजे काय ते बघू. मोठ्या माणसाचा डोळा समोरून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. पुढच्या बाजूला घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. शाळेच्या पुस्तकात त्याला पारपटल म्हणत. त्याच्या मागे, बाहुलीच्या आत, नैसर्गिक भिंग असतं. येणारा प्रकाश वाकवून मागच्या दृष्टिपटलावर नेमका पाडायचा, हे काम दोघं मिळून करतात. पैकी सुमारे दोनतृतीयांश काम एकटा कॉर्निया करतो. डोळा एक मिलिमीटर जरी जास्त लांब झाला तरी चित्र पडद्याच्या अलीकडेच पडतं आणि अडीच-तीन नंबरचा उणे चष्मा लागतो.

डोळ्याची ही लांबी कोणत्याही शस्त्रक्रियेनं कमी होत नाही, हे लक्षात ठेवा. लेझर फक्त कॉर्नियाचा बाक कमी करतो. चष्म्यानं बाहेरून केलेलं काम बुबुळावरच कोरून द्यायचं, असं समजा.

ही कल्पना जुनी आहे आणि तिचा सुरुवातीचा इतिहास काही फार सुखाचा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे जपानमध्ये डॉ. सातो यांनी कॉर्नियाला आतल्या बाजूनं चिरा देऊन तो सपाट करायचा प्रयोग केला. काही काळ रुग्णांना चांगलं दिसलं. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एक नाजूक थर असतो आणि तोच कॉर्नियाला स्वच्छ ठेवतो, हे तेव्हा नीट माहीत नव्हतं. चिरांनी तो थर दुखावला गेला आणि कित्येक वर्षांनंतर अनेकांचे कॉर्निया सुजून पांढरे झाले. पुढे १९७० च्या दशकात मॉस्कोचे डॉ. फ्योदोरोव यांनी चिरा बाहेरून दिल्या, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. ही पद्धत जगभर गेली, आपल्याकडेही आली. अमेरिकेत अशा रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा ४३ टक्के डोळे एक नंबर किंवा त्याहून जास्त अधिक नंबराकडे सरकलेले आढळले. म्हणजे उणे नंबर घालवायला गेले आणि काही वर्षांनी अधिकचा चष्मा घेऊन बसले. असे रुग्ण आजही मोतीबिंदूसाठी येतात. तपासणीच्या दिव्याखाली ते आरे बारीक रेघांसारखे दिसतात.

लेझरची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे, आणि तिच्यात आपला एक माणूस आहे. मद्रासमध्ये जन्मलेले डॉ. रंगस्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्कजवळ आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. तिथे एक्सायमर नावाचा अतिनील लेझर होता. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी उरलेलं टर्कीचं मांस त्यांनी प्रयोगशाळेत नेलं आणि त्यावर तो लेझर मारला. मांस कुठेही जळालं, करपलं नाही. सुरीलाही जमणार नाही असा स्वच्छ खाचा पडला. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे सहकारी. हे कॉर्नियासाठी वापरता येईल, हे डॉ. स्टीव्हन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांनी ओळखलं आणि १९८३ मध्ये या दोघांचं काम एकत्र आलं. सणाचं उरलंसुरलं कुणाच्या उपयोगी पडेल, सांगता येत नाही!

आज साधारण तीन तऱ्हेनं लेझर वापरतात. पहिली पीआरके. यात कॉर्नियावरची पातळ त्वचा खरवडून पृष्ठभागावरच लेझर मारतात. तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो, पण पातळ कॉर्नियाला ही पद्धत त्यातल्या त्यात बरी. दुसरी लेसिक. यात कॉर्नियाचा वरचा पापुद्रा वहीच्या पानासारखा उलटवून खाली लेझर देतात आणि पान पुन्हा जागेवर ठेवतात. टाका नाही, दुखणं फारसं नाही, दुसऱ्या दिवशी दिसायला लागतं. तिसरी स्माइल, साधारण २०१० नंतर रुळलेली. हिच्यात कॉर्नियाच्या आतच भिंगाच्या आकाराची एक चकती लेझरनं कापतात आणि बाजूच्या छोट्या छेदातून ओढून काढतात. याशिवाय कॉर्नियाला धक्का न लावता, आपलं नैसर्गिक भिंग तसंच ठेवून, त्याच्या पुढे एक कृत्रिम भिंग सरकवण्याची सोय आहे. तिला आयसीएल म्हणतात. नंबर फार मोठा असेल तर तिचा विचार करतात, पण त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या भागात पुरेशी खोली असावी लागते.

रुग्ण विचारतात, "यातलं चांगलं कुठलं?" किंवा "मुंबईला कुठलं मशीन आहे?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण माझ्या मते तो दुसरा प्रश्न झाला. आपला कॉर्निया किती जाड आहे आणि त्याचा आकार कसा आहे, हा पहिला.

हिशेब अगदी किराणा दुकानातल्यासारखा आहे. कॉर्निया मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. समजा तुमचा ५२० मायक्रॉन आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लेसिकचं पान गेलं ११० मायक्रॉनचं. एक नंबर घालवायला साधारण १५ मायक्रॉन खर्च धरा, सहा नंबरला ९०. उरले ३२०. खाली किमान अडीचशे ते तीनशे मायक्रॉन शाबूत राहिलेच पाहिजेत. डोळ्याच्या आत सतत दाब असतो आणि तो या उरलेल्या भिंतीला पेलायचा असतो. भिंत कमजोर राहिली तर ती हळूहळू पुढे फुगते. मग दिसणं चष्म्यानंही सुधारत नाही. आणि कापलेला कॉर्निया परत वाढत नाही.

हा झाला जाडीचा हिशेब. आकारासाठी टोपोग्राफी नावाची तपासणी करतात. नकाशात डोंगर-दऱ्या रंगांनी दाखवतात, तसा कॉर्नियाच्या चढ-उताराचा रंगीत नकाशा निघतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी या तपासणीआधी एक-दोन आठवडे, कडक लेन्स असेल तर आणखी जास्त दिवस, लेन्स बंद ठेवायच्या असतात. नाहीतर लेन्सनं दाबलेल्या कॉर्नियाचा चुकीचा नकाशा मिळतो. मुलं हे लपवतात, कारण दोन आठवडे कॉलेजात चष्मा घालावा लागतो.

आमच्या या मुलाचा नकाशा काढून आणवला. मध्याच्या खाली एक लाल डाग होता. तिथे कॉर्निया उंच झालेला आणि नेमका तिथेच पातळ, ४७० मायक्रॉनच्या आसपास. जुने चष्म्याचे कागद मागवले, तर दीड वर्षात सिलिंडर एकनं वाढलेला. केराटोकोनसची ही सुरुवात होती. या आजारात कॉर्निया आपसूक कमकुवत होऊन शंकूसारखा पुढे येतो. तरुण वयात सुरू होतो आणि ज्यांना अॅलर्जीची खाज असते, जे डोळे चोळतात, त्यांच्यात जास्त दिसतो.

मी त्याला विचारलं, "अरे, तू डोळे चोळतोस का?"

तो काही बोलायच्या आत आजी म्हणाल्या, "चोळतो म्हणजे? तांदळाचं पीठ मळावं तसा चोळतो!"

अशा डोळ्यावर नेहमीचं लेसिक करणं म्हणजे आधीच खचलेल्या बांधाची माती काढणं. मी नाही म्हणून सांगितलं. मुलाचा चेहरा पडला, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. त्याला रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचं होतं. घरामागच्या डोंगरापलीकडून कोकण रेल्वेचा भोंगा ऐकत तो वाढलेला. त्या पदाला चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची पूर्ण दृष्टी लागते. वर्गातल्या कुणीतरी सांगितलेलं, "आधी लेझर कर, मग फॉर्म भर, कुणाला कळतंय!"

श्रोत्यांमधल्या पालकांनी इथे नीट ऐकावं. रेल्वेच्या या पदाच्या जाहिरातींत स्पष्ट लिहिलेलं असतं की लेसिक किंवा नंबर घालवण्याची दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र आहे. आणि कळत नाही हे तर साफ खोटं. कॉर्नियाचा नकाशा काढला की लेझर झालेला डोळा ओळखू येतो. सैन्यदलांचे नियम वेगळे, त्यांतही वय, शस्त्रक्रियेनंतर गेलेला काळ, डोळ्याची लांबी अशा अटी असतात आणि त्या बदलतात. तेव्हा नोकरीसाठी लेझर करणार असाल तर आधी त्या त्या भरतीची जाहिरात आणून वाचा. मी अशी मुलं पाहिली आहेत की ज्यांनी शस्त्रक्रियेनंच ती वाट बंद करून घेतली.

चार दिवसांनी मुलाच्या वडिलांचा फोन आला. "डॉक्टर, दुसरीकडे करून देतील का?" मी म्हटलं, "कदाचित कुणी देईलही. पण हा नकाशा बरोबर घेऊन जा आणि आधी तो दाखवा." ते गृहस्थ समंजस. मुलाला घेऊन मुंबईला गेले, तिथल्या तज्ज्ञांनीही तेच सांगितलं. मग मुलाच्या दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली खरी, पण वेगळी. तिला क्रॉसलिंकिंग म्हणतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये ती १९९० च्या दशकात विकसित झाली. बी-टू जीवनसत्त्वाचे, म्हणजे रायबोफ्लेविनचे पिवळे थेंब कॉर्नियात मुरवायचे आणि त्यावर ठरावीक वेळ अतिनील प्रकाश सोडायचा. त्यामुळे कॉर्नियाचे तंतू एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि बहुतेकांचा आजार आहे तिथे थांबतो. नंबर मात्र जात नाही. चष्मा घालवायला आलेला मुलगा शस्त्रक्रिया होऊनही चष्मा लावूनच घरी गेला. ही शस्त्रक्रिया वाया गेली, असं त्याला काही महिने वाटत होतं. मला तसं वाटत नाही. थांबवलं नसतं, तर पुढे काहींना नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवावा लागतो, तिथपर्यंत वेळ जाऊ शकते.

आता आजींकडे येऊ.

मोतीबिंदू म्हणजे आतलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं. त्यावर औषधाचे थेंब नाहीत, शस्त्रक्रिया हाच उपाय. आपल्या देशात ती फार जुनी. सुश्रुतसंहितेत तिचं वर्णन आहे. त्या काळी आणि नंतरही कित्येक शतकं सुईनं गढूळ भिंग बाजूला ढकलत, बाहेर काढत नसत. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी भोसले यांना या विद्येचा मोठा नाद. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांवर उपचार होत. कोणाच्या डोळ्याला काय झालं होतं याच्या नोंदी आणि डोळ्यांची रंगीत चित्रं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. आधी नीट बघा, लिहून ठेवा, मग हात लावा, ही शिस्त तिथे दिसते.

भिंग काढलं की प्रकाश वाकवणारं एक अंग गेलं. म्हणून आपल्या आजोबांच्या पिढीला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा. त्यावर उपाय लंडनच्या डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी काढला. महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत गेलेले पर्स्पेक्स प्लास्टिकचे तुकडे डोळ्याला सहन होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याच प्लास्टिकचं भिंग करून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी एका बाईंच्या डोळ्यात शस्त्रक्रिया केली. भिंग डोळ्यानं स्वीकारलं. पण त्या बाईंना नंबर किती आला ठाऊक आहे? उणे अठरा! भिंगाची ताकद किती ठेवायची, याचं माप तेव्हा जमलेलं नव्हतं. शस्त्रक्रिया यशस्वी आणि माप चुकलेलं. आज डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा बाक मोजून, सूत्रात घालून, मग भिंग निवडतात. मोजताना एक मिलिमीटर चुकला तरी तीन नंबरचा फरक पडतो.

पुढे १९६७ मध्ये डॉ. चार्ल्स केलमन यांनी दातांच्या डॉक्टरकडचं ध्वनिलहरींचं यंत्र पाहून फेको पद्धत काढली. मोतीबिंदू आतल्या आत फोडून दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ओढून घ्यायचा. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून भिंगं भारतात बनवली आणि ती गरिबाच्या आवाक्यात आली. आपल्याकडे तेव्हा जे. जे. रुग्णालयात असलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी आनंदवनातल्या कुष्ठरुग्णांपर्यंत ही शस्त्रक्रिया नेली, हे आपणा सर्वांना माहीत आहेच. सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते.

मग आजी थांबल्या होत्या कशासाठी? मोतीबिंदू पिकण्यासाठी. एके काळी हा सल्ला बरोबर होता. पूर्वी भिंग अख्खं काढत आणि पिकलेलं भिंग सहज निघे. आता उलट आहे. पिकून कडक झालेला मोतीबिंदू फोडायला जास्त ऊर्जा लागते, त्याचा ताण कॉर्नियाच्या त्या आतल्या नाजूक थरावर येतो. फारच पिकला तर त्यातला द्रव पाझरून डोळ्याचा दाब चढतो, डोळा लाल होऊन असह्य दुखतो आणि वेळेत उपचार न झाल्यास दृष्टी कायमची जाते. थंडीचंही तसंच. पूर्वी आठवडाभर पडून राहावं लागे, उकाडा नको म्हणून हिवाळा. आता माणूस त्याच दिवशी घरी जातो.

आजी तयार झाल्या, त्या नातवानं "मी करून घेतो, तर तू पण कर" असं म्हटल्यावर. मधुमेह, रक्तदाब, डोळ्याचा दाब, पडदा सगळं तपासलं. आता भिंग ठरवायचं. त्यांना जन्मभर उणे चार नंबर, पण जवळचं त्या चष्म्याशिवायच बघत. सर्वसाधारणपणे आम्ही लांबचं चष्म्याविना दिसेल असं भिंग घालतो. पण मी विचारलं, "आजी, दिवसभर करता काय?"

"काय करणार? तांदूळ निवडते, गोधडी शिवते, संध्याकाळी पोथी."

"आणि लांबचं? रस्ता, बस?"

"बस आली की आवाज येतो. सुपातलं दिसायला हवं."

म्हणून हाताच्या अंतरावरचं स्पष्ट दिसेल असं, उणे दोन नंबर मुद्दाम शिल्लक ठेवणारं भिंग घातलं. भर जूनमध्ये, पाऊस कोसळत असताना. आठ दिवसांनी सून तक्रार घेऊन आली की तिनं निवडलेल्या तांदळात सासूबाईंना आता खडे सापडतात! दुसरा डोळा दिवाळीआधी केला. तक्ता वाचायला लावला तर आजींना खालच्या ओळी चष्म्याशिवाय येत नाहीत. पण त्यांना तक्ता कुठे वाचायचा आहे?

थोडं व्यवहाराचं सांगतो. ज्यांना लेझर करता येतं त्यांनी जरूर करावं. योग्य डोळा असेल तर परिणाम उत्तम मिळतात. अठरा वर्षं पूर्ण झालेली असावीत आणि नंबर किमान वर्षभर स्थिर असावा. काही महिने डोळे कोरडे वाटतात. काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, महामार्गावर रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागायचा तो लागतोच. आणि डोळा लांबच राहिलेला असल्यामुळे मागचा ताणलेला पडदा तसाच असतो. नंबर गेला म्हणून पडद्याची तपासणी सोडू नका. डोळ्यासमोर अचानक काजवे चमकले, काळे ठिपके वाढले, बाजूनं सावली आली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. लेझरच्या आधीचा नंबर आणि कॉर्नियाची मापं यांचा कागद जमिनीच्या सातबाऱ्यासारखा जपून ठेवा. तीस-चाळीस वर्षांनी तुम्हाला मोतीबिंदू होईल तेव्हा कॉर्निया कोरलेला असेल आणि नेहमीची सूत्रं चुकतील. त्या वेळी तुमच्या डॉक्टरला तो कागद हवा असेल.

मुलाचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. रेल्वेत चष्मा चालणारी तांत्रिक पदंही आहेत, त्यांपैकी एकाची तो तयारी करतो आहे. दर सहा महिन्यांनी नकाशा काढायला येतो, आणि आजी सोबत असतातच. मागच्या खेपेला नकाशात काही बदल नव्हता. मी ते सांगत असताना त्यानं सवयीनं चष्मा वर केला आणि बोटाचं पेर डोळ्याकडे नेलं. आजींनी बाकावरूनच त्याच्या हातावर चापट मारली. आता त्यांना तेवढं लांबून दिसतं.